विसरलेला हातचा

फोन वाजला की ताई आधी घड्याळाकडे पाहायची, मग भावाकडे. "आलं तुझं गिऱ्हाईक," म्हणत ती फोन उचलायची आणि पलीकडच्याला सांगायची, "थांबा जरा, किल्लीवाले दात घासतायत." किल्लीवाला समोरच खुर्चीत पेपर वाचत बसलेला असला आणि दुपारचे तीन वाजलेले असले तरी ती हेच सांगायची. पहिल्या हाकेला धावलं की माणसाची किंमत राहत नाही, असं तिचं ठाम मत होतं. दोघंही साठी उलटलेली, दोघंही एकटी, चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकमेकांवर कुरकुरत राहणारी. त्यामुळे भावाची किंमत राखायचं काम आपोआप तिच्याकडे आलं होतं.

किल्लीवाला हे नाव फोन करणाऱ्यांनीच पाडलेलं. एरवी किल्ल्यांशी त्याचा संबंध एवढाच, की घराची किल्ली तो महिन्यातून एकदा तरी हरवायचा. चोवीस वर्षांपूर्वी त्याने आणि त्याच्या भागीदाराने मिळून 'दणका' नावाचा एक प्रोग्रॅम बनवला होता. खऱ्या ड्रमचे ठोके रेकॉर्ड करून कॉम्प्युटरात भरायचे, पडद्यावरच्या आठ करड्या चौकोनांत ते मांडायचे आणि चौकोन दाबून ताल रचायचा. ड्रमर नको, ड्रम नको, शेजाऱ्यांच्या तक्रारी नकोत. कुणी फुकट वापरू नये म्हणून त्याला कुलूप होतं. प्रोग्रॅम नव्याने चढवला की तो बारा आकडे दाखवायचा. ते फोनवर कळवायचे, इकडच्या मशीनमध्ये घातले की दुसरे बारा आकडे निघायचे, आणि ते तिकडे टाकले की दणका उघडायचा. कंपनी तीन वर्षांत बुडाली. विक्री थांबली, पाटी उतरली, टेबलं-खुर्च्या कुणीतरी नेल्या. किल्ली काढणारं मशीन मात्र किल्लीवाल्याच्या पलंगाशेजारी येऊन बसलं, पिवळं पडलं, पण चालत राहिलं. फोन नंबरही तोच राहिला.

मधली बारा-पंधरा वर्षं काळं कुत्रं विचारत नव्हतं. मग हळूहळू फोन सुरू झाले आणि गेल्या पाच वर्षांत तर दिवसाआड एक. सगळे गाणी बनवणारे, सगळे दणका बंद पडला तेव्हा चड्डीत असलेले. त्यांच्याकडे नवे प्रोग्रॅम होते, त्यांत दहा-दहा हजार ड्रम होते, आणि प्रत्येक ठोका जिथे पडायला हवा तिथेच पडत होता. तीच त्यांची तक्रार होती. "सगळं इस्त्री केल्यासारखं येतं हो काका," एकजण म्हणाला होता, "ऐकणारा मान डोलवत नाही." दणकाचा ताल मात्र लंगडायचा. सोळा ठोक्यांचं आवर्तन जसजसं पुढे जाई तसतशी त्याची पावलं जराशी घाईने पडत, आणि नव्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्याआधी तो एक क्षण थांबे. एखादा माणूस तरातरा चालत यावा आणि उंबऱ्यापाशी अडखळावा, तसं. त्या अडखळण्यात ऐकणाऱ्याचा जीव अडकायचा. पोरांनी त्याला 'लंगडी' असं नाव दिलं होतं. नव्या प्रोग्रॅमवाल्यांनी मोजमापं काढून लंगडीची नक्कल केली, तिचं बटण करून विकलं, पण अस्सल गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं. ते जुनी मशीनं शोधून आणत, त्यांना इंटरनेटची हवासुद्धा लागू देत नसत, वर चिठ्ठी चिकटवत, 'हात लावू नये'. एकाने घर बदललं तेव्हा फ्रिज टेम्पोत टाकला आणि हे मशीन मांडीवर घेऊन बसला.

"मेल्या म्हशीला मणभर दूध," ताई म्हणायची. "जिवंत होती तेव्हा कुणी धार काढायला आलं नाही."

किल्लीवाला हसायचा. पण अलीकडे फोन ठेवल्यावर त्याचं तोंड कडू व्हायचं. कारण आकडे लिहून घेतले की प्रत्येकजण शेवटी एकच विचारायचा, "काका, ती लंगडी बिनचूक साहेबांनी बनवली ना? काय डोकं असेल हो त्या माणसाचं!" आणि किल्लीवाला म्हणायचा, "हो."

बिनचूक म्हणजे त्याचा भागीदार. कॉलेजात पडलेलं नाव. हा माणूस सुटे पैसे दोनदा मोजायचा, कुणी पत्ता सांगितला तर परत म्हणून दाखवायचा, आणि त्याच्या हातून कधी चूक झालेली कुणी पाहिलेली नव्हती. कंपनीत त्याने एक नियम घातला होता: एकाने लिहायचं, दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं. प्रोग्रॅमच्या प्रत्येक फाइलच्या माथ्यावर तारीख, लिहिणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर, आणि वाचून झालं की वाचणाऱ्याची बरोबरची खूण. खूण नसलेली फाइल बाहेर जायची नाही. किल्लीवाल्याला हे सगळं बायकी वाटायचं, पण नियम पाळला की भांडण टळायचं, म्हणून तो पाळायचा.

एकदाच पाळला नाही. डिस्क छापायला दुसऱ्या दिवशी द्यायची होती आणि बिनचूक पहाटेपासून दवाखान्यात होता, बायकोच्या उशाशी. पहिलं बाळंतपण, अडलेलं. ठोक्यांच्या वेळा काढणारी शेवटची फाइल किल्लीवाल्याने एकट्याने लिहिली. हिशोब शाळेतलाच होता. आवर्तनाचे सोळा भाग पाडायचे. भाग सरळ जात नाही, बाकी उरते. ती बाकी हातचा म्हणून पुढच्या घरात न्यायची. किल्लीवाला हातचा न्यायला विसरला. तिसरीतल्या पोराला छडी बसेल अशी चूक. प्रत्येक ठोका थोडा आधी पडू लागला, ते थोडं थोडं साचत सोळाव्या घरापर्यंत बरंच झालं, आणि नवं आवर्तन मात्र बरोबर जागी सुरू झालं. मध्ये खड्डा राहिला. लंगडी ती हीच. तिच्यात डोकं नव्हतं, घाई होती.

पुढे काय झालं ते त्याने कुणालाही सांगितलेलं नव्हतं, ताईलाही नाही. एका मोठ्या स्टुडिओने दणकाच्या चाळीस प्रती घेतल्या होत्या. वर्षभराच्या कामानंतर त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ड्रम बाकीच्या वाद्यांच्या पुढे पळतायत. सगळी गाणी टाकून द्यावी लागली. त्यांचं पत्र आलं ते किल्लीवाल्याने फोडलं. खाली बिनचूक सायकल लावत होता, कुलपाचा आवाज वर ऐकू येत होता. किल्लीवाल्याने फाइल उघडली. तारीख, स्वतःचं अक्षर, आणि खुणेची रिकामी जागा. त्याने आपलं अक्षर पुसलं, बिनचूकचं घातलं, आणि समोर खूण करून टाकली.

"मी लिहिली ही?" बिनचूक पडद्याकडे बघत राहिला. "मला आठवत नाही रे. मी तर त्या दिवशी दवाखान्यात होतो."

"तासभर येऊन गेलास की," किल्लीवाला म्हणाला. "दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता तुझ्या. कसं आठवेल?" आणि वर म्हणाला, "मीही वाचताना झोपलोच म्हणायचं. चूक दोघांची."

बिनचूकने एका ओळीत चूक दुरुस्त केली, पण विकल्या गेलेल्या डिस्क तशाच राहिल्या, आणि त्या दिवसापासून तो संपला. ताल चुकणारा ड्रमचा प्रोग्रॅम कोण घेणार? कंपनी बुडायची ती बुडालीच. पण बिनचूकने पुन्हा कॉम्प्युटरला हात लावला नाही. औषधांच्या गोदामात खोकी भरायला लागला. लेबलं तीनतीनदा तपासायचा, म्हणून काम मागे पडायचं, म्हणून तिथूनही काढला. सहा वर्षांपूर्वी तो गेला. किल्लीवाला जाऊन सगळ्यांच्या मागे उभा राहून आला.

एवढ्या वर्षांत त्याला झोप येत नव्हती असं काही नाही. झोप उत्तम येत होती. खरी अडचण पाच वर्षांपूर्वी सुरू झाली. दणकाच्या एका भक्ताने फोनवर गोड बोलून जुन्या फाइली मागितल्या आणि किल्लीवाल्याने फुशारून, वर काय लिहिलंय ते न पाहता, स्वतःच्या हाताने पाठवून दिल्या. आठवड्याभरात ते अक्षर जगभर झालं. ज्याला काही ठाऊक नाही तो मेलेला माणूस आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला, आणि ज्याने बीळ खणलं तो दुसऱ्यांना किल्ल्या वाटत राहिला. आता त्याला झोप येईनाशी झाली. आपल्याला पश्चात्ताप होतोय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

मग एका रविवारी सकाळी ताईने फोन उचलला आणि दात घासण्याचं काही बोललीच नाही. नुसता फोन त्याच्यापुढे धरला. "बिनचूकची मुलगी," ती हळूच म्हणाली.

दुपारी मुलगी आली. चोवीस वर्षांची, बापासारखीच उंच आणि बापासारखीच दारात चपला जोडीने ठेवणारी. जाहिरातींना आणि नाचाच्या कार्यक्रमांना ताल करून देण्याचं तिचं काम होतं, आणि अर्थातच दणकावर. जुना जाडजूड लॅपटॉप तिने पिशवीतून काढला, तो टॉवेलात गुंडाळलेला होता. ताईने चहा ठेवला, "वहिनी कशी आहे तुझी आई?" असा नाती एकात एक घुसवणारा प्रश्न विचारला आणि आत गेली. स्वयंपाकघराचं दार काही तिने लावलं नाही.

"काका, दोन कामं आहेत," मुलगी म्हणाली. "आम्ही दणकावाले सगळे मिळून तो सगळ्यांना मोकळा करतोय. कुलूप काढून. कुणालाही घेता येईल, किल्ली लागणार नाही. बाबांनी हक्क तेव्हाच सोडून दिले, ते आता तुमच्या एकट्याकडे आहेत, म्हणून तुमची सही हवी."

"म्हणजे फोन बंद होणार माझे," किल्लीवाला हसून म्हणाला.

"तुम्हालाही आराम. किती वर्षं सांभाळलंत तुम्ही! दुसरं काम म्हणजे ते 'माहिती'चं बटण. ते दाबलं की नुसतं कंपनीचं नाव येतं. तिथे आता खरी माहिती टाकायचीय, कुणी काय बनवलं ती. ती तुम्ही लिहून द्यायची. तुम्ही तिथे होतात. आमच्यापैकी कुणीच नव्हतं." ती जरा थांबली. "मी होते म्हणा थोडीशी. त्या फाइलवरची तारीख माझ्या जन्माची आहे. माहितेय ना तुम्हाला?"

त्याला माहीत होतं.

"आमच्या घरात या एका तारखेवरून आयुष्यभर वाद," ती कपावरून बोट फिरवत म्हणाली. "आई म्हणायची, हे दिवसभर माझ्या उशाचे हलले नाहीत. बाबा म्हणायचे, गेलो असणार, तिथे लिहिलंय ना. दर वाढदिवसाला एकदा तरी हे व्हायचंच. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरी केक कापल्यावर असं भांडतात. पण आता हे सगळं बाहेर आल्यावर मी आईला म्हटलं, आई, मान आता. ते गेले होते. बाळ होणार म्हणून आनंदात होते, हात जरा सैल पडला, आणि आयुष्यात एकदाच त्यांनी काहीतरी मोकळेपणाने केलं. तीच लंगडी."

"मग? काय म्हणाली आई?"

"म्हणाली, गेले असतील बाई. मलाच धड आठवत नसेल."

किल्लीवाल्याने चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता.

"ऐका तर खरं," तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. करडी खिडकी उघडली, आठ चौकोन, कोपऱ्यात 'थाबां' असं अनुस्वार चुकलेलं बटण, तेही किल्लीवाल्याचंच कर्तृत्व. तिने ताल सुरू केला. साधाच होता, तीन चौकोनांचा खेळ. पावलं पुढे पुढे आली, उंबऱ्याशी अडखळली, आत आली. पुन्हा आली, पुन्हा अडखळली. किल्लीवाल्याने तो शेकडो वेळा फोनवर ऐकला होता, पण समोर बसून, बापासारखी मान डोलवणाऱ्या पोरीकडे बघत, कधी नाही. हे फार सुंदर आहे, असं त्याला वाटलं. आणि लगेच वाटलं, हे माझं आहे.

"ती ओळ मी लिहिली," तो म्हणाला.

तिने ताल थांबवला नाही. "कुठली?"

"लंगडीची. तुझ्या बाबांनी नाही. मी लिहिली."

ती हसली, मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसायची थांबली. "काका, असं नका करू," ती समजुतीने म्हणाली, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तशी. "तुमचं नाव पण येणारच आहे माहितीत. सगळ्यांत वर घालू हवं तर. पण माणूस गेल्यावर त्याचं आपल्या नावावर..."

"अक्षर मी बदललं." आता त्याला थांबता येईना. "तिथे माझं होतं. स्टुडिओचं पत्र आलं तेव्हा मी पुसलं आणि त्याचं घातलं. तो त्या दिवशी ऑफिसात आलाच नव्हता. तुझी आई बरोबर आहे."

तिने हात पुढे करून ताल बंद केला. खोलीत मशीनचा पंखा तेवढा घरघरत राहिला. तिला पुरावा मागायची गरजच पडली नाही. इतक्या वाढदिवसांची भांडणं तिच्या डोक्यात होती, ती एकेक करून आपापल्या जागी जाऊन बसत असलेली तिच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"बाबा कुठे होते तेव्हा? बदललंत तेव्हा?"

"खाली. सायकल लावत होता."

"आणि त्यांनी विचारलं असेल ना तुम्हाला? मला आठवत नाही म्हणून?"

"मी म्हटलं, तासभर येऊन गेलास. झोप झाली नव्हती, आठवत नसेल."

तिने लॅपटॉप मिटला. मग बोलली ती त्याच्याशी नाहीच, लॅपटॉपच्या झाकणाशी.

"गॅस, नळ, दार. प्रत्येक गोष्ट तीनदा बघायचे. तरी पटायचं नाही. बाहेर निघताना मला गॅसपाशी उभं करायचे आणि म्हणायचे, बघ ग, बंद आहे ना? तू सांग. मी पाच वर्षांची असेन. मी बंद आहे म्हटलं की मग निघायचे. मला केवढा अभिमान वाटायचा. बाबा माझं ऐकतात, म्हणून." तिने नाक पुसलं. "त्यांचा स्वतःवर विश्वास नव्हता, पाच वर्षांच्या पोरीवर होता. आणि तुमच्यावर होता. स्वतःच्या आठवणीपेक्षा तुमच्यावर जास्त."

"मला माफ कर," किल्लीवाला म्हणाला. "इतकी वर्षं हे मनात ठेवून..."

"इतकी वर्षं?" तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. "इतकी वर्षं तुम्ही मजेत होतात. लोक चूक म्हणत होते तोवर गप्प होतात. बाबांना गोदामातून काढलं तेव्हा गप्प होतात. त्यांना नेलं तेव्हा तुम्ही मागे उभे होतात, मी पाहिलं होतं, तेव्हाही गप्प होतात. आता वाहवा सुरू झाली तर कंठ फुटला?"

पोरीने एका दमात ते बोलून टाकलं होतं जे तो पाच वर्षं स्वतःला बोलू देत नव्हता. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मी सगळ्यांना सांगतो," तो शेवटी म्हणाला. "माहितीत लिहून देतो. चूक माझी, आळ मी घातला, सगळं."

"नाही."

"अगं, पण खरं तेच..."

"मला दिसतंय ना काय होईल ते. लंगडी खरी कुणाची, म्हणून बातमी. तुमचा फोटो, हे मशीन मागे ठेवून. मुलाखती. मित्रावर आळ घातला हो, पण केवढा पश्चात्ताप बिचाऱ्याला! लोक माफसुद्धा करतील, लोकांचं काय जातंय? आणि बाबा कोण? ज्यांना फसवलं ते. बावळट." पिशवीतून कागद काढून तिने त्याच्यापुढे ठेवला, वर पेन ठेवलं. "तुम्ही त्यांच्या नावावर टाकलंत ना? मग आता ते त्यांचंच राहील. लिहा."

"खोटं आहे ते."

"तुम्हाला सवय आहे."

त्याने पेन उचललं. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. 'दणका दोघांनी बनवला. ठोक्यांच्या वेळा काढणारा भाग, ज्याला सगळे लंगडी म्हणतात, तो संपूर्णपणे बिनचूक यांचा. तो त्यांनी त्यांची मुलगी जन्मली त्या दिवशी लिहिला. त्यात दुसऱ्या कुणाचाही हात नाही.' शेवटच्या वाक्यापाशी त्याचा हात थांबला. ती वाट पाहत राहिली. त्याने लिहिलं. खाली आपलं नाव लिहिलं आणि त्यापुढे तिने सांगितलं तेच: 'किल्ल्या देणारा.'

"आता वाचा," ती म्हणाली. "मोठ्याने. नियम आहे ना तुमचा?"

त्याने वाचलं. मध्ये दोनदा आवाज बसला, तिने दोनदा ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. वाचून झाल्यावर तिने कागद घेतला आणि वरच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली, बाप करायचा तशीच, शेपूट लांब ओढून. मग हक्कांच्या कागदावर त्याची सही घेतली. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला.

"आईला मात्र खरं सांगणार आहे," चपला घालताना ती म्हणाली. "तिला तरी कळू दे की तिला बरोबर आठवत होतं." जिन्यात दोन पायऱ्या उतरून ती वळली. किल्लीवाल्याला वाटलं, काहीतरी बोलेल. ती परत वर आली, दाराशेजारी ठेवलेली आपली छत्री उचलली आणि गेली.

ताईने संध्याकाळी दिवा लावला, पानं घेतली, त्याला वाढलं, आणि एक शब्द बोलली नाही. ताईचं न बोलणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. धाकट्या जावेशी ती अकरा वर्षं बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. ताई फोनच्या शेजारीच बसून भाजी निवडत होती. फोन वाजत राहिला. तिने घड्याळाकडे पाहिलं नाही आणि भावाकडेही पाहिलं नाही. सातव्या-आठव्या वेळेला किल्लीवाला स्वतः उठला, वाकून तिच्या डोक्यावरून फोन उचलला.

"काका, किल्ली हवी होती," एक कोवळा, उत्साही आवाज म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून लागणार नाही म्हणतात, पण माझ्याच्याने थांबवत नाहीये. लिहून घेता?"

किल्लीवाल्याने बारा आकडे लिहून घेतले, परत म्हणून दाखवले, पिवळ्या मशीनमध्ये घातले. मशीनला वेळ लागायचा. तेवढ्यात पलीकडून तो प्रश्न आलाच.

"तुम्ही तर बिनचूक साहेबांबरोबर काम केलंय ना काका? कसे होते हो ते?"

ताईचे हात थांबले. मान तिने वर केली नाही.

"त्याच्या हातून," किल्लीवाला म्हणाला, "आयुष्यात एक चूक झाली नाही." बिनचूकबद्दल फोनवर त्याने उच्चारलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं.

"ते तर ऐकूच येतं, काका!" पलीकडचा हसला. "लंगडी काय उगाच जमते कुणाला?"

पडद्यावर बारा आकडे आले होते. किल्लीवाल्याने चष्मा नीट केला, "घे लिहून," म्हणाला, आणि एकेक करून वाचायला लागला.